छोटी लाइनची बैठक हलकीच हवी



आपल्या ग्वाल्हेरच्या ‘छोटी लाइन’ची चालती प्रतिकृती शाळेत उभी करायची, असे गेल्या पालक सभेत ठरले. त्याबद्दल मंडळाचे मनापासून अभिनंदन. आता प्रश्न उरला आहे तो ज्यावर ती गाडी धावणार त्या बैठकीचा. सुताराने दिलेल्या आराखड्याप्रमाणे आठ फूट बाय चार फुटांचे भक्कम मेज करायचे, वर १९ मि.मी.चे प्लायवूड, खाली सालच्या लाकडाची चौकट आणि सहा पाय, आणि ते वरच्या मजल्यावरच्या भूगोल कक्षात कायमचे मांडायचे. माझे मत या आराखड्याच्या विरुद्ध आहे. बैठक फोमची, तुकड्यातुकड्यांची आणि मुलांनीच केलेली असावी असे मला वाटते. निर्णय होण्यापूर्वी हे म्हणणे सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम वजनाचे बोलू. आठ बाय चारच्या १९ मि.मी. प्लायवूडचे वजनच साधारण ३४ किलो भरते. चौकट आणि पाय धरले की मेज ऐंशी किलोच्या वर जाते. ते एकदा जिन्याने वर चढले की पुन्हा खाली येणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्याकडे याचे उदाहरण आहेच. रायगडाची ती लाकडी चौथऱ्यावरची सुरेख प्रतिकृती आठवा. सामानाच्या खोलीत ती कपाटामागे उभी आहे, कारण दार काढल्याशिवाय ती बाहेर येत नाही. आजच्या सातवी-आठवीतल्या मुलांनी ती पाहिलेलीसुद्धा नाही. करणाऱ्यांची मेहनत उत्तम होती, पण चौथरा जड होता.

आता दुसरी बाजू. गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात तो दाट फोम (दुकानात त्याला ‘एक्सपीएस’ म्हणतात) आपल्याकडे साधारण १२५० बाय ६०० मि.मी. मापाच्या पाट्यांत मिळतो. त्याची घनता घनमीटरला सुमारे ३२ किलो असते, म्हणजे ५० मि.मी. जाडीची एक अख्खी पाटी सव्वा किलोच्या आतच. तिच्या भोवती १०० मि.मी. उंचीची, ६ मि.मी. प्लायवूडची पट्टी, दोन्ही टोकांना १२ मि.मी. प्लायच्या जाड पट्ट्या आणि मध्ये दोन आडव्या पट्ट्या दिल्या, तर सगळे मिळून साडेतीन किलोच्या आसपास जाते. रूळ, माती, झाडे, स्टेशन धरून पाच किलो म्हणा. असे चार तुकडे जोडले की क्षेत्रफळ त्या मेजाइतकेच होते, लांबी पाच मीटर आणि एकूण वजन वीस किलो. सहावीतल्या दोन मुली एक तुकडा सहज उचलून नेतील. आठवीच्या मुलांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. विज्ञानाच्या तासाला घनतेचे गणित घालायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला प्रयोग नाही. अमेरिकेत आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद जुना आणि फार गांभीर्याने केला जातो. तिथे एके काळी बैठक म्हणजे लाकूड असेच समीकरण होते. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी इंग्रजी ‘एल’च्या आकाराच्या लाकडी तुळयांची पद्धत लोकप्रिय केली, आणि आजही पुष्कळ लोक तीच वापरतात. तळघरात कायमचा पसारा मांडायचा असेल तर ती उत्तमच आहे. पण १९७०च्या दशकात तिथे ‘एनट्रॅक’ नावाची पद्धत निघाली. प्रत्येकाने आपल्या घरी ठरलेल्या मापाचा, साधारण चार बाय दोन फुटांचा तुकडा करायचा, प्रदर्शनाला सगळ्यांनी तुकडे आणून जोडायचे आणि एकमेकांच्या रुळांवरून गाड्या चालवायच्या. तुकडा मोटारीत घालून न्यायचा म्हटल्यावर वजनाला महत्त्व आले. घरबांधणीतला निळा किंवा गुलाबी फोम या छंदात शिरला तो असा, गरजेपोटी.

आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या पालकांनी मुलांना ते अवश्य दाखवावे. तिथली मांडणी कायमची आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तिला स्वतःची जागा आहे आणि रोज निगा राखणारी माणसे आहेत. शाळेचे तसे नसते. आज भूगोल कक्ष आहे तिथे उद्या संगणक येतील, परवा परीक्षेची बाके लागतील.

पण फोमच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा वजनाचा नाही, तो जमिनीच्या आकाराचा आहे. छोटी लाइन कुठून जात होती ते आठवा. घोसीपुरा, मोतीझील सोडून गाडी सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ करत पुढे वीरपूरवरून श्योपूरला जायची. हा सगळा मुलूख चंबळच्या खोऱ्यातला. गाळाच्या मातीत पावसाच्या पाण्याने पाडलेल्या घळी, ज्यांना आपण सगळे ‘बीहड’ म्हणतो, हे या प्रदेशाचे खरे रूप. सपाट प्लायवूडवर डोंगर चढवता येतो, घळ कशी उतरवणार? रुळाच्या पातळीखाली जायचे तर प्लाय कापावे लागते, खालची चौकट तोडावी लागते. फोममध्ये मात्र चाकू घेऊन सरळ खाली कोरत जायचे. एक ते चौसष्ट या प्रमाणात ५० मि.मी. म्हणजे प्रत्यक्षातले ३.२ मीटर. तीन पाट्या एकावर एक चिकटवल्या तर साडेनऊ मीटर खोल बीहड कोरता येतो आणि वजन वाढते फक्त अडीच किलोने. कुनो नदीचा पूलही तसाच. नदी खोल गेली तरच पूल पूल वाटतो, एरवी ती टेबलावर रंगवलेली निळी पट्टी.

आणखी एक गंमत. एक ते चौसष्ट हे प्रमाण मी उगीच घेतले नाही. बाजारात लहान गाड्यांसाठी ९ मि.मी. रुंदीचे तयार रूळ मिळतात. ९ ला ६४ ने गुणले तर ५७६ मि.मी. येतात. छोटी लाइनची खरी रुंदी दोन फूट, म्हणजे ६१० मि.मी. फरक इतका थोडा की डोळ्याला कळत नाही. तयार इंजिनाचे चालते सांगाडे घ्यायचे आणि वर पुठ्ठ्याचे ‘एनडीएम-५’ डिझेल आणि डबे मुलांनी करायचे. टपावर बसलेली माणसेही करावीच लागतील, नाहीतर गाडी ओळखू येणार नाही! सगळी लाइन मात्र प्रमाणात करायचा हट्ट कोणी धरू नये. जवळजवळ २०० किलोमीटरचे चौसष्टावे भाग केले तरी ते तीन किलोमीटरच्या वर होतात. चार तुकड्यांत एक शहरातले स्टेशन, एक बीहड, एक कुनोचा पूल आणि एक श्योपूर कलां, इतके पुष्कळ झाले. गाडी गोल फिरवण्याचीही गरज नाही. ती जायची आणि परत यायची, तशीच आपलीही जाईल आणि येईल.

आता आक्षेपांकडे वळतो. आपल्या एका ज्येष्ठ विश्वस्त काकांनी सभेनंतर मला विचारले, “अहो, थर्माकोलवर तर बंदी आहे ना? शाळेनेच तो वापरायचा?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचा थर्माकोल आहे. महाराष्ट्रात ती त्याआधी २०१८ मध्येच आली, आणि तेव्हापासून गणपतीची थर्माकोलची मखरे गेली. उष्णतारोधनाच्या पाट्या हा बांधकामाचा माल आहे, तो या यादीत नाही. पण मी कायद्याच्या फटीतून निसटू इच्छित नाही. स्नेहसंमेलनाच्या एका दिवसासाठी कोणी फोमचे दृश्य करून दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकणार असेल, तर त्याला माझाही विरोध राहील. हा पदार्थ मातीत कुजत नाही. म्हणूनच तो दहा-पंधरा वर्षे टिकणाऱ्या कामात घालावा, कापताना उरलेले तुकडे टेकड्यांच्या पोटात भरावेत आणि कचऱ्यात शक्य तितका कमी जावा. हिशेब ठेवायचे काम एका विद्यार्थ्याला द्या. किती पाट्या आणल्या आणि किती भुगा बाहेर टाकला, हे तो फळ्यावर लिहील.

दुसरा आक्षेप आगीचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. पॉलिस्टायरीन जळते आणि जळताना काळा, घातक धूर सोडते. ज्वालारोधक मिसळलेला माल आला तरी तो जळतच नाही असे समजू नये. तेव्हा या प्रतिकृतीजवळ निरांजन, उदबत्ती, दिवाळीची पणती काहीही नको. उद्‌घाटनाचे दीपप्रज्वलन व्यासपीठावरच करावे. गाडी १२ व्होल्टवर चालते, पण २३० व्होल्टचा रोहित्राचा डबा बैठकीवर किंवा खाली न ठेवता बाजूच्या स्टुलावर ठेवावा. तारा रुळांना डाखायच्या त्या रूळ फोमवर बसवण्यापूर्वी, वेगळ्या मेजावर. गरम तारेने फोम कापणे दिसायला फार सुबक, पण त्यातून निघणारी वाफ श्वासात जाऊ नये. ते काम उघड्या व्हरांड्यात आणि मोठ्या माणसाच्या हातून व्हावे. मुलांसाठी लांब पात्याचा कटर बरा, हात राखून आणि पाते वेळच्या वेळी बदलून. बोथट पाते फोम कापत नाही, फाडते. करवतीने जो भुगा उडतो तो कपड्यांना, केसांना, नाकाला चिकटतो. आयांना घरी गेल्यावर कळेलच.

कोणी म्हणेल, हे इतके नाजूक प्रकरण मुलांच्या हाती टिकेल का? उघडा फोम टिकत नाही हे खरे. कोपरा टेकला की खळगा पडतो, कडा तुटतात. म्हणून तर चारी बाजूंना प्लायची पट्टी हवी, आणि ती फोमच्या वरच्या पातळीपर्यंत आलेली हवी. जोडाची टोके तर जाड प्लायचीच पाहिजेत. शेजारशेजारच्या दोन टोकांच्या पट्ट्या एकत्र धरून एकाच वेळी भोके पाडावीत, म्हणजे नट-बोल्ट आणि जुळणीच्या खुंट्या बिनचूक बसतात. रुळाच्या जोडात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी गाडी घसरते, आणि मग कितीही सुंदर बीहड केले तरी पाहुणे हसतात. सुतारकाकांचे कौशल्य लागेल ते इथे. त्यांना या कामातून वगळा असे मी म्हणत नाही. चार चौकटी काटकोनात, एकाच मापाच्या, एकमेकींना अदलाबदल करता येतील अशा करून देणे हे मेज ठोकण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते शेजारी उभे राहून पाहिलेल्या मुलाला गुण्या कशाला वापरतात हे कायमचे समजेल.

चिकटवण्याच्या बाबतीत एक सूचना आधीच देऊन ठेवतो. चपला-बुटांना लावतात तो वासाचा रबरी सरस फोमला लावू नये, तो फोम विरघळवतो. फवाऱ्याच्या डब्यातला रंगही तसाच. पांढरा पाण्याचा सरस प्लाय आणि फोम यांच्यात छान बसतो, कारण लाकूड पाणी ओढून घेते. दोन फोमच्या पाट्यांमध्ये मात्र तो दिवसेंदिवस ओला राहतो, तिथे हवा पोहोचत नाही. तिथे खिडक्यांच्या फटी भरायचे अॅक्रिलिक लुकण वापरावे आणि वर पुस्तकांचे गठ्ठे ठेवून दोन दिवस विसरून जावे. रूळही त्याच लुकणाच्या पातळ थरावर बसतात, कारण फोममध्ये खिळा धरत नाही. रुळाखाली बुचाच्या लाकडाची पातळ पट्टी घातली तर आवाज कमी होतो; नुसत्या फोमवर गाडी ढोलकीसारखी घुमते. रंग पाण्यात कालवायचा, भिंतीचाच चालेल, आणि त्यावर खरी माती चाळून टाकायची. माती जौऱ्याकडची आणली तर उत्तम.

आपल्या हवामानाचाही विचार करायला हवा. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जानेवारीत हाडे गोठतात. फोम उन्हाने धातूपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो. चौकटीला सर्वांगाने चिकटवला की तो बराच आवरला जातो, तरी रुळाच्या जोडांत बारीक फट सोडावीच. प्रतिकृती पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. पावसाळ्यात प्लायवूड फुगते, वाकते. दाट फोम पाणी जवळजवळ पीत नाही, एवढा त्याचा फायदा. वाळवी फोम खात नाही, पण लाकडाच्या शोधात त्यातून बीळ पाडते, तेव्हा चौकटीला खालून वाळवीचे औषध लावणे आलेच.

हे सगळे मान्य केले तरी एक आक्षेप उरतो, तो उघडपणे कोणी बोलत नाही. भरीव लाकडी मेज दिसायला भारदस्त असते, देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी त्यावर शोभते. फोमचे काम पोरखेळ वाटते. मला या भावनेची टिंगल करायची नाही. पण ग्वाल्हेर दरबारच्या इतिहासाकडे पाहा. जयविलास राजवाड्यातल्या भोजनाच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरते, ती आजही संग्रहालयात पाहायला मिळते. आणि त्याच माधवराव महाराजांनी जेव्हा संस्थानातल्या गावांसाठी रेल्वे बांधली, तेव्हा ती मुद्दाम दोन फुटी निवडली. तिचे नावच होते ‘ग्वालियर लाइट रेल्वे’. कमी रुंदी, हलके रूळ, लहान पूल, कमी खर्च. म्हणूनच ती १९०९ पर्यंत श्योपूरला पोहोचली आणि शंभराहून अधिक वर्षे गरिबांच्या उपयोगी पडली. दोन्ही गाड्या एकाच घराण्याच्या हौसेतून आल्या. आपण प्रतिकृती करतो आहोत ती दुसरीची.

ती गाडी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुटली नाही. त्या मार्गावर आता ब्रॉडगेज टप्प्याटप्प्याने येत आहे, आणि तिचे स्वागतच आहे, कारण दहा-अकरा तासांचा तो प्रवास हौशी लोकांना गमतीचा वाटे, रोजच्या लोकांना नव्हे. पण आज पहिलीत असलेल्या मुलाने छोटी लाइन चालताना पाहिलेली नाही. तिच्यावर नोकरी केलेली माणसे आपल्याच गावात आहेत, काही आपल्या मुलांचे आजोबाही असतील. त्यातल्या कितीजणांना जिना चढून भूगोल कक्षात येता येईल? चार तुकडे मात्र एका टेम्पोत बसतात. ते गणेशोत्सवात मंडपात मांडता येतील, सबलगढच्या एखाद्या शाळेत नेता येतील, आजोबांच्या अंगणातही जोडता येतील. फाटक कुठे होते, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती, हे ते बोट ठेवून सांगतील, आणि तिथल्या तिथे चाकूने दुरुस्त करता येईल. प्लायवूडवर ठोकलेले काम कोण उखडणार?

उंचीबद्दल थोडे. आराखड्यातले मेज साडेतीन फूट उंच आहे. बालवाडीच्या मुलाला त्यावरची गाडी दिसणारच नाही, फक्त आवाज येईल. सुट्या तुकड्यांना स्वतःचे पाय नकोतच. घडीचे हलके तिवे करावेत किंवा सरळ वर्गातली बाके जोडून त्यांवर ठेवावेत. लहान मुलांचा दिवस असेल तर खालच्या बाकांवर, पाहुणे असतील तर उंच तिव्यांवर.

मंडळाला माझी विनंती एवढीच आहे की मेजाची मागणी आज नोंदवू नये. त्याऐवजी एकाच तुकड्याची परवानगी द्यावी, बीहडाच्या. दोन-तीन पाट्या, थोडे प्लाय आणि सुतारकाकांचा एक दिवस, इतकाच खर्च. दिवाळीच्या सुट्टीत किल्ले करणारे हात मोकळे असतात, त्यांना कामाला लावता येईल. तुकडा झाला की कार्यकारिणीच्या बैठकीत तो आणून ठेवू, आणि विश्वस्तांपैकी कोणीही तो एकट्याने उचलून पाहावा. ज्यांच्याकडे छोटी लाइनचे जुने फोटो, तिकिटे, वेळापत्रके असतील त्यांनी ती मुख्याध्यापिका बाईंकडे पाहण्यापुरती द्यावीत. प्रती काढून मूळ कागद परत केले जातील. जौऱ्याच्या स्टेशनच्या इमारतीचा समोरून काढलेला फोटो सध्या सगळ्यात जास्त हवा आहे.